विश्लेषण : लालबागकरांची मे महिन्याची सुट्टी आणि गुलमर्गचा बर्फ यांचा मेळ का बसत नाही?

मे महिन्यात लालबागच्या मसाला गल्लीत पाऊल ठेवले की पहिली शिंक येते ती मिरचीची. वर्षभराचा मसाला करायला आलेल्या बायका, कांडप यंत्रांचा खडखडाट आणि घामाने भिजलेले हमाल. नेमक्या याच दिवसांत चाळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काश्मीरचे फोटो येऊ लागतात. भाड्याचा लांब कोट, भाड्याचेच गमबूट, मागे बर्फाचा एक पट्टा. फोटो बघणाऱ्याला पंख्याखाली बसूनही गार वाटते. तो पट्टा किती रुंद होता आणि तिथवर पोहोचायला किती पैसे मोजावे लागले, हे मात्र फोटोत येत नाही.

गुलमर्ग हे देशातले सर्वात नावाजलेले स्कीइंग केंद्र. पण मुंबईतून जाणाऱ्या बहुतेक कुटुंबांनी तिथला स्कीचा हंगाम कधी पाहिलेलाच नसतो. परतल्यावरच्या तक्रारी ठरलेल्या : बर्फ नव्हता, तिकीट मिळाले नाही, लुटले. यातल्या बऱ्याच तक्रारींचे मूळ गुलमर्गपेक्षा आपल्या कॅलेंडरमध्ये आहे.

गुलमर्ग नेमके आहे कसे?

श्रीनगरपासून साधारण ५० किलोमीटरवर, बारामुल्ला जिल्ह्यात, सुमारे २,६५० मीटर उंचीवर असलेले हे एक मोठे कुरण आहे. बशीसारखे सपाट, कडेने देवदारासारख्या सूचिपर्णी झाडांचे जंगल. उन्हाळ्यात येथे गोल्फ खेळतात. हिवाळ्यात त्याच गवतावर कित्येक फूट बर्फ साचतो आणि नवशिके त्यावर स्की शिकतात.

बशीच्या पाठीमागे अफरवट हा डोंगर आहे. त्यावर नेणारा रोपवे म्हणजे ‘गोंडोला’. त्याचे दोन टप्पे आहेत. पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, तो गुलमर्गहून कोंगडूरीपर्यंत, म्हणजे सुमारे ३,०८० मीटरपर्यंत नेतो. दुसरा २००५ मध्ये सुरू झाला, तो कोंगडूरीहून अफरवटच्या खांद्यावर, जवळजवळ ३,९५० मीटरवर सोडतो. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे दुसऱ्या टप्प्यावर उतरणारा माणूस महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखराच्या दुपटीहून अधिक उंचीवर उभा असतो, तेही पंधरा पावले न चालता.

हे दोन टप्पे नीट लक्षात ठेवावेत. गुलमर्गचा सगळा अनुभव, चांगला किंवा वाईट, यांच्यावरच ठरतो.

मे महिन्यात बर्फ कुठे असतो?

काश्मीरचा खरा हिवाळा ‘चिल्लई कलान’ने सुरू होतो. २१ डिसेंबरपासून ४० दिवस. त्यानंतर २० दिवसांचा ‘चिल्लई खुर्द’ आणि शेवटी १० दिवसांचा ‘चिल्लई बच्चा’. स्कीइंगसाठी सर्वात भरवशाचा काळ साधारण मध्य जानेवारी ते फेब्रुवारीअखेर, आणि वरच्या उतारांवर मार्चमध्येही.

आता हेच महिने महाराष्ट्रातल्या घरात कसे जातात ते बघा. जानेवारीत पूर्वपरीक्षा. फेब्रुवारीत बारावी, पाठोपाठ दहावी. मार्चमध्ये खालच्या वर्गांची तयारी आणि नोकरदारांचे आर्थिक वर्षाखेर. मोठ्या सुट्ट्या दोनच, दिवाळी आणि मे. दिवाळीत गुलमर्गला बर्फ पडला तर तो नशिबाचा भाग. नाताळचा आठवडा हंगामात बसतो, पण तेव्हा अख्खा देश तिथे असतो आणि विमानभाडे परवडत नाही. उरतो मे.

मे महिन्यात खालची बशी हिरवीगार असते. कोंगडूरीला सुरुवातीच्या दिवसांत घळींमध्ये बर्फाचे पट्टे उरलेले असतात. महिना सरता सरता तेही मातकट होऊन विरतात. खात्रीचा बर्फ फक्त दुसऱ्या टप्प्यावर. म्हणजे मे महिन्यात आलेल्या प्रत्येक पर्यटकाला एकाच वेळी एकाच ठिकाणी जायचे असते, आणि त्या ठिकाणी नेणाऱ्या पाळण्यांची क्षमता ठरलेली असते. रांग, काळाबाजार, चिडचिड यांचा उगम इथे आहे. जानेवारीत गुलमर्गच्या बस थांब्यावर उतरले की पायाखालीच बर्फ असतो. लहान मुलांना गोळे करून मारामारी करायला कोणत्याही टप्प्याचे तिकीट लागत नाही.

सहल कंपन्या हे सांगत नाहीत असे नाही. पण माहितीपत्रकावरचा फोटो जानेवारीचा आणि सहलीची तारीख मेची, हे आपणच तपासून घ्यायचे असते.

तिकिटाची गोची काय असते?

२०२४ च्या मे महिन्यात आम्ही पाच जण गेलो. आई, भाऊ, वहिनी, पुतण्या आणि मी. आईने भिशीचे पैसे यासाठी राखून ठेवले होते. वडील गिरणीत होते तोवर आमच्या घरात सुट्टी म्हणजे एसटीने गाव, दुसरे काही नव्हतेच. त्यामुळे या सहलीला आमच्या घरात जरा जास्तच वजन होते.

ज्याच्यामार्फत गेलो त्या एजंटने ‘दोन्ही टप्पे पक्के’ असे सांगितले होते. तिथे पोहोचल्यावर कळले की फक्त पहिला टप्पा काढलेला आहे. दुसऱ्याची तिकिटे त्या दिवसासाठी कधीच संपली होती. गोंडोलाचे तिकीट जम्मू-काश्मीर केबल कार कॉर्पोरेशनच्या संकेतस्थळावरून, प्रवाशाचे नाव आणि ओळखपत्र देऊन काढावे लागते. तिथे जाऊन खिडकीवर पैसे दिले आणि पाळण्यात बसलो, असे होत नाही. दुसऱ्या टप्प्यासाठी पहिल्याचेही तिकीट लागते. वाऱ्यामुळे वा बर्फवृष्टीमुळे टप्पा बंद राहिला तर त्याचे पैसे परत मिळतात. म्हणूनच तिकीट कोणाच्या खात्यातून निघाले हे महत्त्वाचे. एजंटने काढले असेल तर परतावाही त्याच्याकडे जातो.

तेव्हा एजंटकडून तोंडी आश्वासन घेऊ नका, तिकिटाची पीडीएफ घ्या आणि त्यावर दोन टप्पे दिसतात का ते निघण्याआधी बघा. आम्ही नाही पाहिले.

आणखी एक बारीक गोष्ट, जी मुंबईत कोणाच्या ध्यानात येत नाही. जम्मू-काश्मीरबाहेरचे प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड चालते. आमच्यात पोस्टपेड फक्त भावाकडे. तो रांगेत पुढे आणि तिकीट दुसऱ्याच्या फोनमध्ये, असा अर्धा तास गेला. तिकिटाचा स्क्रीनशॉट प्रत्येकाच्या फोनमध्ये ठेवा, शक्य तर कागदावर छापूनही घ्या. थंडीत फोनची बॅटरी भराभर उतरते, ती गोष्ट वेगळीच.

घोडेवाले, स्लेजवाले खरेच लुटतात का?

टंगमर्ग हे गुलमर्गच्या अलीकडचे, १३ किलोमीटरवरचे गाव. इथूनच सुरुवात होते. कोट घ्या, बूट घ्या, गाइड घ्या. हिवाळ्यात टंगमर्गपासून वर जायला चाकांना साखळ्या लावलेली किंवा फोर-बाय-फोर गाडी लागते. पर्यटकांच्या साध्या गाड्या इथेच थांबतात, हे खरे आहे. पण गोंडोलात बसायला गाइड सक्तीचा नाही, हेही खरे. ‘गाइडशिवाय सोडत नाहीत’ असे कोणी म्हणाले तर हसून पुढे जावे. गमबूट मात्र बर्फ असेल तर घ्यावेतच. मुंबईचे स्पोर्ट्स शूज दहा मिनिटांत आतून ओले होतात, आणि ओला सुती मोजा हा थंडीत सर्वात वाईट सोबती.

दुसरा टप्पा हुकल्याने आम्ही कोंगडूरीलाच उतरलो. समोर चिखल, दूर घळीत बर्फ. स्लेज म्हणजे लाकडी पाटाची घसरगाडी, तिला दोरी. पर्यटक बसतो, माणूस ओढत चढावर नेतो आणि उतारावर त्याच्यासकट घसरत खाली आणतो. आई बसायला तयार होईना. “माणसाने माणसाला ओढायचे? मी नाही बसणार.” तिचे वय ६८, गुडघे दुखतात, तरी चिखलातून चालत निघाली.

स्लेजवाला पन्नाशीचा असावा. तो तिच्या बाजूने चालत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, “माताजी, आप नहीं बैठेंगी तो मैं क्या खाऊँगा?” त्याच वर्षीच्या जानेवारीत गुलमर्गला बर्फच नव्हता, हे त्याने सांगितले. ज्या महिन्यात वर्षाची कमाई व्हायची तो महिना तो घरी बसून होता. आईने ऐकून घेतले. मग तोडगा तिनेच काढला. चढाव ती माझ्या हाताला धरून चालली, उतारावर स्लेजवर बसली आणि पैसे पूर्ण फेरीचे दिले. घसरताना ती ओरडली ते आनंदाने की भीतीने, हे तिने अजून सांगितलेले नाही.

भावाच्या मते आम्ही दुप्पट पैसे दिले. दिलेही असतील. पण घासाघीस करताना एक हिशेब डोक्यात असावा. लालबागचा मसालेवाला तीन महिने धंदा करून वर्ष काढत नाही, इथला स्लेजवाला काढतो. दर आधी विचारा, ‘एक फेरी म्हणजे कुठून कुठे’ हे बोटाने दाखवून ठरवा, आणि परतीचे पैसे वेगळे नाहीत ना हे विचारून घ्या. बहुतेक भांडणे दरावरून होत नाहीत, ‘फेरी’ या शब्दाच्या अर्थावरून होतात.

एका दिवसात स्कीइंग येते का?

नाही. तासाभरासाठी स्की भाड्याने घेऊन जे होते त्याला फोटो काढणे म्हणावे.

स्कीचा बूट प्लास्टिकचा, नडगीपर्यंत घट्ट आणि घोट्यात न वाकणारा असतो. तो घालून साधे चालणेही पहिल्यांदा जमत नाही. तो पट्टीला एका खटक्याने अडकवलेला असतो. पडताना पाय मुरगळू लागला की खटका सुटतो आणि पट्टी वेगळी होते, त्यामुळे हाड वाचते. हा खटका तुमच्या वजनानुसार लावून घ्यावा लागतो. भाड्याने देणाऱ्याने वजन विचारले नाही तर आपण सांगावे.

शिकवणारा पहिल्यांदा थांबायला शिकवतो. पट्ट्यांची पुढची टोके जवळ, मागची लांब, आतल्या कडा बर्फात दाबायच्या. नवखा माणूस घाबरला की मागे झुकतो, आणि तिथेच ताबा जातो. भीती वाटली की पुढे झुकायचे, हे शरीराला पटायला दोन-तीन दिवस लागतात. खरेच शिकायचे असेल तर सरकारी संस्था आहेत. गुलमर्गला केंद्रीय पर्यटन खात्याची स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था, मनालीला अटलबिहारी वाजपेयी यांच्या नावाची पर्वतारोहण संस्था. साधारण दोन आठवड्यांचे निवासी वर्ग असतात, साहित्य संस्थेचे असते आणि एकूण खर्च खासगी हॉटेलच्या चार दिवसांपेक्षा फार वेगळा नसतो. जागा लवकर भरतात.

याच उतारांवर शिकलेला आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता. त्याच्या वडिलांचे गुलमर्गमध्ये स्की साहित्याचे दुकान.

दुसऱ्या टप्प्यावर धोका किती?

मुंबईकर समुद्रसपाटीवरून निघतो, श्रीनगरला (सुमारे १,६०० मीटर) एक रात्र काढतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ३,९५० मीटरवर असतो. तिथे हवेचा दाब लालबागच्या साधारण ६० टक्क्यांच्या थोडा वर असतो, श्वासागणिक मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी. डोके जड होणे, मळमळ, दोन पावलांत धाप. यावर खाली उतरण्याइतका चांगला उपाय दुसरा नाही. कापूर हुंगणे हा उपाय नव्हे. हृदयविकार, दमा, न आटोक्यातला रक्तदाब असलेल्यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारावे, नुसते ‘काश्मीरला जातोय’ म्हणू नये. आम्हाला दुसरा टप्पा मिळाला नाही, ते आईच्या दृष्टीने बरेच झाले असे आज वाटते.

डोळ्यांचेही बघावे. बर्फावरून परतणारी उन्हातली अतिनील किरणे बुबुळ भाजतात. गॉगल हा तिथे थाटाचा भाग नाही.

अपघातांची नोंदही ठेवायला हवी. २५ जून २०१७ रोजी वादळी वाऱ्यात उन्मळलेले झाड गोंडोलाच्या तारेवर पडले आणि सात जणांचा मृत्यू झाला. त्यात दिल्लीचे एक चौघांचे कुटुंब आणि तीन स्थानिक गाइड होते. वारा वाढला म्हणून पाळणे थांबवले तर आरडाओरडा का करू नये, याचे उत्तर यात आहे. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटच्या उतारावर हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीपटू गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा हिमस्खलनात एका रशियन स्कीपटूचा बळी गेला. हे सारे आखलेल्या वाटांबाहेरच्या, न दाबलेल्या बर्फावर उतरणारे होते. फिरायला गेलेल्या कुटुंबाने तिथे जायचे कारण नाही, पण दोरीपलीकडे उभे राहून सेल्फी काढणाऱ्यांत आपली माणसेही असतात.

बर्फच पडला नाही तर?

हा प्रश्न आता दरवर्षी विचारावा लागतो. काश्मीरचा बर्फ पश्चिमेकडून, भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या झंझावातांवर अवलंबून असतो. ते कमी आले, उत्तरेकडून निघून गेले किंवा हवा पुरेशी थंड नसली तर बर्फाऐवजी पाऊस किंवा काहीच नाही. २०२३-२४ च्या हिवाळ्यात तसेच झाले. जानेवारीच्या मध्यावर गुलमर्गचे उतार तपकिरी होते आणि हॉटेलांच्या नोंदण्या रद्द होत होत्या. महिनाअखेरीस बर्फ आला. फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धा पुढे ढकलून २१ फेब्रुवारीपासून घ्याव्या लागल्या. पुढच्या वर्षी, २०२५ मध्येही गुलमर्गमधील स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये गेल्या.

युरोपातील आल्प्समध्ये यंत्राने बर्फ पाडतात आणि बीजिंग ऑलिम्पिक तर जवळपास संपूर्ण कृत्रिम बर्फावर झाले. पण त्यालाही पाणी, वीज आणि गोठवणारी हवा लागते.

पर्यटकासाठी याचा अर्थ इतकाच की, जानेवारीची सहल असली तरी निघण्याच्या दहा दिवस आधी गुलमर्गचे ताजे चित्रण बघावे आणि हॉटेल रद्द करण्याची अट वाचावी.

पहलगामनंतर काय बदलले?

२२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यात २६ जण मारले गेले. त्यात सहा महाराष्ट्रातले होते, डोंबिवली, पुणे आणि पनवेलचे. त्यानंतर काश्मीरमधील ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळे बंद करण्यात आली, पुढे ती टप्प्याटप्प्याने उघडली जाऊ लागली. आमच्या चाळीत दोन कुटुंबांनी त्या मे महिन्यातली सहल रद्द केली. त्यांना भित्रे म्हणणारेही होते आणि शहाणे म्हणणारेही. मी कोणत्याच बाजूला बोललो नाही. जाणे न जाणे हा ज्याच्या त्याच्या घरचा निर्णय आहे. जाणाऱ्याने प्रशासनाची उघड्या स्थळांची यादी बघूनच जावे, चालक ‘सगळे चालू आहे’ म्हणाला एवढ्यावर नको.

काश्मीरऐवजी दुसरे काय?

मनालीजवळचे सोलंग खोरे मुंबईकरांना ठाऊक आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुल्या झालेल्या नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यामुळे पलीकडे सिस्सूपर्यंत हिवाळ्यातही जाता येते आणि बर्फ अधिक भरवशाचा मिळतो. उत्तराखंडातील औलीचे उतार सुंदर, पण जोशीमठची जमीन खचू लागल्याने जानेवारी २०२३ मध्ये तिथला रोपवे बंद पडला. निघण्यापूर्वी त्याची सद्यस्थिती विचारूनच बेत करावा.

गुलमर्गलाच जायचे आणि विमान परवडत नसेल तर जून २०२५ पासून एक नवा मार्ग आहे. वांद्रे टर्मिनसहून स्वराज एक्स्प्रेसने कटरा आणि तिथून वंदे भारतने सुमारे तीन तासांत श्रीनगर, वाटेत चिनाबवरचा ३५९ मीटर उंचीचा पूल. करी रोडहून दादर, दादरहून वांद्रे, आणि पुढे सारा प्रवास रुळांवरूनच.

आईने या मार्गाची कात्रणे कपाटात ठेवली आहेत. तिला आता जानेवारीत जायचे आहे, बशीतल्या बर्फात, स्लेजशिवाय. पुतण्या यंदा दहावीला आहे आणि त्याची पूर्वपरीक्षा जानेवारीतच आहे.